तूर्तासराव

तूर्तासरावांना ‘नाही’ म्हणणं परवडत नाही. ‘नाही’ म्हटलं की विषय संपतो आणि समोरचा आपला कागद गुंडाळून दुसऱ्या वाटेला लागतो. ‘हो’ म्हटलं तरी विषय संपतोच, वर कुणी धड आभारही मानत नाही. म्हणून या दोन्हींच्या मधली जागा हेरून तूर्तासरावांनी तिथे कायमचा मुक्काम टाकला आहे. तिथून ते अत्यंत सौम्य आवाजात सांगतात, “तूर्तास शक्य दिसत नाही.” आणि घड्याळाकडे बघतात. स्वतःच्या नव्हे, समोरच्याच्या.

हे गृहस्थ राष्ट्रांच्या मैत्रीसंघटनांत भेटतात. शत्रुपक्षात त्यांना शोधू नये. शत्रू फार तर भांडतो. अडवणूक करायला आतली खुर्ची लागते. अंगानं तूर्तासराव मध्यम. महासत्तांना रुसायची गरज नसते, त्या सरळ हुकूम सोडतात. अगदी चिमुकल्या देशांचा रुसवा सहसा कुणाच्या लक्षातच येत नाही (अपवाद आहेत, ते पुढे येतील). तूर्तासराव या दोहोंच्या मधले. स्वतःच्या इलाख्यात दरारा, आणि जगाच्या दरबारात मात्र आपल्याला खालच्या रांगेत बसवलं आहे ही जन्माची सल.

त्यांचा उत्कर्ष पाहायचा तर ब्रसेल्सला, नाटोच्या मुख्यालयात जावं. आज तिथे ३२ देशांचे झेंडे आहेत. कुठल्याही ठरावावर तिथे मतदान होत नाही. सगळं सर्वसंमतीनं. मसुदा तयार झाला की तो सगळ्या राजधान्यांना जातो, सोबत मुदत असते: अमुक दिवशी अमुक वाजेपर्यंत कुणी काही बोललं नाही, तर मंजूर. ‘मौनं संमतिलक्षणम्’ हा आपल्याकडे लग्नाच्या मुलीला लावलेला नियम तिथे रणगाड्यांना लावलेला आहे. एकतीस देश गप्प बसतात. मुदत संपत येते, दुभाषे हेडफोन काढू लागतात, आणि तूर्तासराव खाकरतात.

आपल्या लग्नांत वराकडचे एक काका असतात. अंतरपाट धरलेला, अक्षता वाटून झालेल्या, भटजी मुहूर्ताची मिनिटं मोजताहेत आणि काका मांडवाच्या खांबाला टेकून रुसलेले. कारण विचारावं तर फेट्याचा रंग. खरं कारण वीस वर्षांपूर्वीच्या जमिनीच्या वाटणीचं. वधूपिता हात जोडतो, वरपिता दात-ओठ खातो, कुणीतरी धावत जाऊन नवा फेटा आणतं. या सगळ्या गोंधळात काका एक गोष्ट कटाक्षानं पाळतात: ते मांडव सोडून जात नाहीत. मांडवाबाहेरच्या काकांची समजूत घालायला कोण येणार?

सध्याच्या तूर्तासरावांत सर्वांत कसलेले अंकाऱ्याचे. त्यांची इस्टेट भूगोलाची आहे. काळ्या समुद्रातून बाहेर पडायचं तर बॉस्फरस आणि दार्दानेल्स या दोन सामुद्रधुनींतूनच जावं लागतं, आणि तिथून कुणाच्या युद्धनौका कधी जाऊ द्यायच्या याची चावी १९३६ च्या मॉन्त्रो करारानं तुर्कस्तानकडे दिलेली आहे. १९५२ पासून नाटोची सभासदी. अमेरिकेच्या खालोखाल आघाडीतलं सर्वांत मोठं सैन्य. एका बाजूला रशिया, दुसऱ्या बाजूला सीरिया, इराक, इराण. अशा माणसाला नाटोतून काढून टाकावं असं दर दोन-तीन वर्षांनी कुणीतरी वर्तमानपत्रात लिहितं. पण मूळ करारात सभासदाला काढून टाकायचं कलमच नाही. एक वर्षाची सूचना देऊन स्वतःहून निघून जायची सोय तेवढी आहे, आणि ती वापरण्याइतके तूर्तासराव भोळे नाहीत.

आता त्यांचा नामांकित प्रयोग. फेब्रुवारी २०२२ मध्ये रशियानं युक्रेनवर चढाई केली. दोनशे वर्षं कुणाच्या लढाईत न पडलेला स्वीडन आणि रशियाशी तेराशे किलोमीटरची हद्द असलेला फिनलंड, दोघांनाही एकदम भीती वाटली. १८ मे २०२२ रोजी दोघांच्या राजदूतांनी मिळून नाटोचे सरचिटणीस येन्स स्टोल्टेनबर्ग यांच्या हाती अर्ज दिले. युरोपात आनंदीआनंद होता. नव्या सभासदाला घ्यायला जुन्या प्रत्येकाची मान्यता लागते ही बाब त्या आनंदात बहुतेकांना निव्वळ उपचाराची वाटली. अंकाऱ्याला नाही वाटली. अर्ज पोचायच्या आधीच राष्ट्राध्यक्ष एर्दोगन यांनी सांगून टाकलं होतं, की आम्ही याकडे अनुकूल नजरेनं पाहत नाही. दुसऱ्याच दिवशी त्यांचे प्रवक्ते इब्राहिम कालिन यांनी खुलासा केला, की आम्ही दार बंद करत नाही आहोत. एकानं दार लोटायचं आणि दुसऱ्यानं फटीत पाय घालून ते उघडं ठेवायचं, ही कामाची विभागणी तूर्तासरावांच्या घरी फार जुनी आहे.

तूर्तासरावांवर एक आरोप अन्यायानं होतो, की ते खोट्या तक्रारी करतात. तसं नाही. तक्रार खरी असते, वेळ तेवढी निवडलेली असते. कुर्दांच्या ‘पीकेके’ या संघटनेशी तुर्कस्तानचा सशस्त्र झगडा तेव्हा १९८४ पासून चालू होता, त्यात हजारो माणसं मेलेली. ही संघटना अमेरिका आणि युरोपीय महासंघ यांच्याही दहशतवादी यादीत आहे. तिच्या माणसांना स्वीडन आसरा देतो, २०१९ मध्ये आम्ही उत्तर सीरियात फौजा घातल्यावर त्यानं आम्हाला शस्त्रविक्री बंद केली, हे अंकाऱ्याचं दुखणं स्वीडनच्या अर्जाहून जुनं. पण दुखणं नुसतं जुनं असून उपयोग नसतो. ते दाखवायला चांगला मुहूर्त लागतो, आणि तूर्तासराव मुहूर्ताचे पक्के.

मग समजूत घालणं सुरू झालं. समजूत घालणाऱ्याला आधी जाहीर करावं लागतं की रुसव्याचं कारण रास्त आहे. स्टोल्टेनबर्ग यांनी तुर्कस्तानच्या सुरक्षेच्या काळज्या कशा रास्त आहेत हे पुढचे कित्येक महिने इतक्या वेळा सांगितलं, की तुर्की परराष्ट्रखात्याला वेगळं पत्रक काढायची गरज उरली नसावी. २८ जून २०२२ रोजी माद्रिदमध्ये तिन्ही देशांनी एका सामंजस्य पत्रावर सह्या केल्या. फोटो निघाले. सगळ्यांना वाटलं, काम झालं.

इथे तूर्तासरावांचा खरा हातखंडा दिसतो. नवशिका माणूस आपला होकार एकदा विकतो. तूर्तासरावांनी तो माद्रिदला विकला, पण घरी पाठवला नाही. सही सरकारनं केली, मान्यता संसदेनं द्यायची होती, आणि संसद काय, ती सार्वभौम. स्वीडननं सप्टेंबरात शस्त्रविक्रीची बंदी उठवली. घटनेत दुरुस्ती केली, दहशतवादविरोधी नवा कायदा केला आणि तो १ जून २०२३ पासून अमलात आणला. दरम्यान स्टॉकहोममध्ये तुर्की वकिलातीपुढे एका उपद्व्यापी माणसानं कुराण जाळलं, आणि अंकाऱ्यात पुन्हा सगळं थंडावलं. मे २०२३ मध्ये तुर्कस्तानात निवडणूक होती. निवडणुकीच्या तोंडावर रुसवा सोडणं हे कुठल्याही तूर्तासरावांच्या कुंडलीत बसत नाही. मधल्या काळात त्यांनी फिनलंडला मात्र मोकळं केलं. ४ एप्रिल २०२३ रोजी फिनलंड आत आला. दोघांनी हातात हात घालून अर्ज केले होते. एकाला आत घेऊन दुसऱ्याला उंबऱ्याबाहेर ठेवल्यानं बाहेरच्याची घाई वाढते, हे शास्त्र त्यांना ठाऊक होतं.

जुलै २०२३ मध्ये विल्नियसला परिषद भरली. निघण्यापूर्वी एर्दोगन यांनी पत्रकारांना सांगितलं, की आधी युरोपीय महासंघात तुर्कस्तानची वाट मोकळी करा, मग आम्ही स्वीडनची करू. नाटोचा आणि महासंघाचा कारभार निराळा, दफ्तर निराळं, सभासदही सगळे तेच नाहीत. पण तूर्तासरावांच्या यादीत शेवटच्या घटकेला एक नवं कलम उगवतंच. ते मिळवण्यासाठी नसतं, सोडून देण्यासाठी असतं. त्याच रात्री त्यांनी मोठ्या मनानं होकार दिला आणि कागद संसदेकडे पाठवायचं कबूल केलं. होकाराची ही दुसरी विक्री.

कागद संसदेत पडून राहिला. कारण खरं गिऱ्हाईक वॉशिंग्टनमध्ये होतं. तुर्कस्ताननं ऑक्टोबर २०२१ मध्येच अमेरिकेकडे एफ-१६ लढाऊ विमानं मागितली होती आणि अमेरिकी काँग्रेसमधले काही वजनदार सभासद ती अडवून बसले होते. स्वीडनकडे एफ-१६ नाहीत, स्वीडन ती विकत नाही, स्वीडनचा त्यांच्याशी संबंध नाही. पण स्वीडनच्या नाटोप्रवेशाची स्वीडनइतकीच निकड अमेरिकेला होती. एकाच्या दारात धरणं धरायचं आणि वसुली दुसऱ्याच्या घरून करायची, ही या घराण्याची कमाल. २३ जानेवारी २०२४ रोजी तुर्की संसदेनं २८७ विरुद्ध ५५ मतांनी मान्यता दिली. तीनच दिवसांनी, २६ जानेवारीला, अमेरिकी सरकारनं ४० नवी एफ-१६ आणि जुन्या ७९ विमानांच्या सुधारणेचं साहित्य अशा सुमारे २३ अब्ज डॉलरच्या विक्रीची रीतसर सूचना काँग्रेसला दिली. या दोन तारखांचा एकमेकींशी संबंध आहे, असं सरकारी कागदात कुठेही लिहिलेलं नाही.

तूर्तासरावांना शागीर्दही असतात. हंगेरीचे मंत्री सांगत राहिले होते, की काही झालं तरी आम्ही शेवटचे असणार नाही. तुर्कस्तान मोकळं झालं आणि हंगेरी शेवटचा उरला. २३ फेब्रुवारीला स्वीडनचे पंतप्रधान बुडापेस्टला गेले, तिथे हंगेरीला आणखी चार ग्रिपेन विमानं देण्याचं जाहीर झालं, आणि तीन दिवसांनी हंगेरीच्या संसदेनं मान्यता दिली. ७ मार्च २०२४ रोजी स्वीडन नाटोत दाखल झाला. अर्जाला बावीस महिने होत आले होते.

हे घराणं जुनं आहे. दक्षिण कोरियाचे सिंगमन री यांचंच पाहा. १९५३ मध्ये अमेरिका कोरियाचं युद्ध आटोपायच्या घाईत होती. युद्धकैद्यांची बोलणी मोठ्या मुश्किलीनं जुळत आली असताना, १८ जून रोजी रींनी आपल्या ताब्यातले सुमारे २७,००० उत्तर कोरियाई कैदी परस्पर सोडून दिले. अमेरिकेनं कपाळाला हात लावला, मग तोच हात पुढे केला. शस्त्रसंधीवर दक्षिण कोरियानं सही केली नाही, पण ती मोडणार नाही एवढ्या आश्वासनाच्या बदल्यात संरक्षणाचा करार पदरात पाडून घेतला. तो आजही चालू आहे.

चिमुकल्यांतले अपवाद दोन. पहिले माल्टाचे पंतप्रधान डॉम मिंटॉफ. १९७१ मध्ये सत्तेवर येताच त्यांनी ब्रिटिश नौदलाच्या तळाचं भाडं वाढवून मागितलं, तुम्ही नाही तर दुसरे येतील असं सूचित केलं, मुदती दिल्या, मोडल्या, पुन्हा दिल्या, आणि १९७२ मध्ये वर्षाला १ कोटी ४० लाख पौंडांवर सौदा केला. दुसरा आइसलँड. या देशाला सैन्यच नाही. तरी १९७५-७६ मध्ये त्यानं कॉड माशांवरून ब्रिटनशी सामना मांडला. त्याच्या तटरक्षक बोटी ब्रिटिश मच्छीमारांच्या जाळ्यांचे दोर कापत सुटल्या, ब्रिटिश फ्रिगेटी त्यांच्या अंगावर जाऊ लागल्या, आणि आइसलँड म्हणाला, नाटोच सोडतो. त्याच्या केफ्लाविकच्या तळावरून सोव्हिएत पाणबुड्यांवर नजर ठेवली जाई. ब्रिटननं जून १९७६ मध्ये दोनशे सागरी मैलांची हद्द मान्य केली. अणुबॉम्ब असलेल्या देशाला बिनफौजेच्या देशानं आपल्याच मित्रांकरवी नमवलं.

आणि शेजारचे जनरल झिया. सोव्हिएत फौजा अफगाणिस्तानात उतरल्यावर अमेरिकेचे अध्यक्ष कार्टर यांनी १९८० मध्ये पाकिस्तानला ४० कोटी डॉलर देऊ केले. झियांनी ते ‘शेंगदाणे’ म्हणून झिडकारले. कार्टर हे मूळचे शेंगदाण्याचे शेतकरी, तेव्हा टोमणा नेमका घरी पोचला. झिया थांबले. पुढच्या वर्षी रेगन यांच्या सरकारकडून ३२० कोटी डॉलर ठरले आणि वर ४० एफ-१६. हे विमान तूर्तासरावांच्या घराण्यात फार लोकप्रिय आहे.

या घराण्यात फसलेलेही आहेत, पण त्यांची चरित्रं कुणी फारशी वाचत नाही. १९७४ मध्ये सायप्रसवर तुर्की फौजा उतरल्या तेव्हा ग्रीस संतापून नाटोच्या लष्करी रचनेतून उठून गेला. राग खरा होता, पण खुर्ची सुटली. काही वर्षांनी परत यायचं म्हटलं तर सर्वांची संमती हवी, आणि सर्वांत तुर्कस्तान आलंच. ज्याच्यावर रागावून गेले, त्याच्याच होकाराची वाट बघत ग्रीसनं १९८० चा ऑक्टोबर गाठला. धडा मात्र नीट गिरवला. पुढे शेजारच्या मॅसिडोनियाला त्यानं २००८ मध्ये नाटोच्या दारात अडवलं. तक्रार देशाच्या नावाबद्दल होती, आणि खुर्चीत बसून राहिल्यामुळे ग्रीसला ते नाव बदलून मिळालं. ‘उत्तर मॅसिडोनिया’ म्हणून तो देश २०२० मध्ये आत आला.

अंकाऱ्याच्या तूर्तासरावांचा हिशेबही बारकाईनं मांडला तर तेवढा झळाळत नाही. अमेरिकेवर दबाव आणायचा म्हणून त्यांनी रशियाची एस-४०० ही विमानभेदी क्षेपणास्त्रं घेतली. अमेरिका शेवटी गप्प बसेल असा अंदाज होता. जुलै २०१९ मध्ये पहिला माल उतरला आणि त्याच महिन्यात अमेरिकेनं तुर्कस्तानला एफ-३५ विमानांच्या प्रकल्पातून बाहेर काढलं. शंभर विमानं घ्यायचा बेत होता, तुर्की कारखाने त्यांचे सुटे भाग बनवत होते. २०२० च्या डिसेंबरात वर निर्बंध आले. म्हणजे वीस महिने जग अडवून जे मिळवलं ते आधी गमावलेल्या विमानाच्या मागच्या पिढीतलं होतं, आणि तेही पैसे मोजून. २६ जानेवारी २०२४ च्या त्या दिवशी अमेरिकी सरकारनं काँग्रेसला आणखी एक सूचना पाठवली होती. ग्रीसला ४० एफ-३५ देण्याची.

हे तूर्तासरावांना सांगून उपयोग नाही. घरी त्यांचा विजय कधीच साजरा झालेला असतो. घरच्या सभेत त्यांचा आवाज ब्रसेल्समधल्यापेक्षा चार पट्ट्या वर असतो. बड्या बड्या देशांचे पंतप्रधान आपल्या दारी येऊन बसले, फोनवर फोन आले, परिषद आपल्यासाठी थांबली, याची किंमत डॉलरांत होत नाही. काय मिळालं यापेक्षा किती जणांना थांबावं लागलं, यावर घरचे लोक नेत्याचं वजन ठरवतात. आणि थांबलेले लोकही, खरं सांगायचं तर, पुढच्या वेळी त्यांच्याकडे जरा लवकर जातात. तूर्तासरावांची खरी मिळकत हीच: विमानं जुनी होतात, धाक टिकतो. पण तो खुर्चीत असेपर्यंतच आणि मित्रांना गरज असेपर्यंतच टिकतो. मित्रांनी त्यांच्याशिवाय भागवायची सवय लावून घेतली, तर धाकही एफ-३५ च्या वाटेनं जातो.

तूर्तासरावांचा स्वभाव पुरता कळायला त्यांना दुसऱ्या एका मेजाशी पाहावं लागतं. युरोपीय महासंघाच्या सभासदत्वासाठी तुर्कस्ताननं १९८७ मध्ये अर्ज केला. उमेदवार म्हणून मान्यता मिळाली १९९९ मध्ये, तीही हेलसिंकीच्या बैठकीत. बोलणी सुरू झाली २००५ मध्ये. पस्तीस प्रकरणांपैकी सोळा उघडली, त्यातलं तात्पुरतं मिटलं ते एक, विज्ञान आणि संशोधनाचं. तिथेही एकमत लागतं. स्वीडन आणि फिनलंड तिथे १९९५ पासून आत आहेत. आणि २००४ मध्ये आत आला सायप्रस, ज्याला अंकारा देश म्हणून मान्यताच देत नाही. त्या सायप्रसनं २००९ मध्ये सहा प्रकरणांवर हात ठेवला आणि अत्यंत सौम्य आवाजात सांगितलं, की तूर्तास शक्य दिसत नाही.

या मेजाशी तूर्तासराव कमालीचे तत्त्वनिष्ठ असतात. एखाद-दुसऱ्या सभासदानं आपल्या घरगुती भांडणापायी सगळ्या संघटनेला वेठीला धरावं, हा केवढा अन्याय आहे, यावर त्यांच्याइतकं कळकळीनं आजवर कुणी बोललेलं नाही.